अस्सलबरहुकूम : एका गोल्फ मैदानाच्या जीर्णोद्धाराविषयी

जुन्या दप्तरांतील नकलांवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो. नक्कल करणाऱ्याने अस्सल कागद समोर ठेवला होता आणि पदरचे काही घातले नाही, असा तो दावा असतो. दाव्याविषयी शंका आली तर अस्सल मागवून ताडून पाहता येते, आणि शेऱ्याला जी काही किंमत आहे ती या सोयीमुळे आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेतील जुन्या खासगी क्लबांनी आपापल्या गोल्फ मैदानांच्या जीर्णोद्धाराचा सपाटा लावला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक कामावर याच अर्थाचा शेरा मारला जातो : मूळ रचनाकाराच्या मनात मैदान जसे होते तसे ते पुन्हा करून दाखवले. आमच्या मते हा शेरा बहुतेक वेळा खोटा असतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तो खोटा आहे की खरा हे ताडून पाहण्याची सोयच ठेवलेली नसते.

मराठीच्या अध्यापकांना गोल्फशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. खेळाशी आम्हांला काही कर्तव्य नाही. पण एखाद्या कृतीचे ‘मूळ रूप’ म्हणजे काय, ते ठरवायचे कोणी, मधल्या पिढ्यांनी घातलेल्या भरीचे काय करायचे, हे प्रश्न पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. ते गवतावर आणि वाळूवर कसे सोडवले जातात हे पाहिले की आपल्या शास्त्रातील काही आळशी समजुती फार स्पष्ट दिसतात. शिवाय ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांच्या ‘मूळ’ या शब्दावरील प्रेमाकडे साहित्याच्या माणसाने नेहमीच जरा संशयाने पाहावे, असे आम्हांला वाटते.

उदाहरण घेऊ पिट्सबर्गजवळच्या ओकमाँटचे. पोलादाच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या हेन्री फोन्स याने १९०३ साली, शे-दीडशे मजूर आणि खेचरांच्या जोड्या लावून, शेतजमिनीवर हे मैदान उठवले. पुढच्या वर्षी ते खेळासाठी खुले झाले. फोन्स व्यवसायाने रचनाकार नव्हता, आणि एवढ्या एकाच मैदानावर त्याचे नाव चालत आले आहे. उघडी, वाऱ्याची, जवळजवळ वृक्षहीन जागा, प्रचंड वेगाने चेंडू घरंगळवणारी ग्रीन्स आणि चुकलेल्या फटक्याला क्षमा न करणारे वाळूचे खड्डे, ज्यांना खेळाडू बंकर म्हणतात, ही त्याची ख्याती होती. १९३५ साली येथे अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. तेव्हा जीन साराझेनसारख्या खेळाडूचा हलकासा फटका ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये गेल्याचे एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या प्रेक्षकाने पाहिले आणि ग्रीनचा वेग मोजण्याचे साधे उपकरण तयार केले. त्याच्याच नावाने ओळखले जाणारे ते उपकरण आज जगभर वापरात आहे. सांगायचा मुद्दा असा की, ओकमाँट ही या क्षेत्रातील अभिजात संहिता मानली जाते. २०२५ साली तेथे दहावी अमेरिकन ओपन झाली. इतक्या वेळा ती दुसऱ्या कोणत्याही मैदानावर झालेली नाही.

आता या संहितेतील मधला अध्याय पाहा. हर्बर्ट वॉरन विंड हा गोल्फवर लिहिणारा त्या काळातील मोठा गद्यकार. ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिताना १९६२च्या सुमारास त्याने ओकमाँटला ‘कुरूप जुना धटिंगण’ अशा आशयाचे विशेषण लावले. विंडच्या मनात त्यात बरेचसे कौतुकच असावे, पण क्लबच्या कर्त्या मंडळींना ते झोंबले असे सांगितले जाते. ते दिवसही तसे होते. दूरचित्रवाणीवर ऑगस्टाचे बागेसारखे मैदान लोक पाहू लागले होते आणि सौंदर्य म्हणजे हिरवाई हे समीकरण रूढ होत होते. ओकमाँटवर झाडे लावली गेली, हजारोंच्या संख्येने. तीस वर्षांत ती वाढली आणि एकेक फेअरवे दोन्ही बाजूंच्या हिरव्या भिंतींत बंद झाला. एका लेखकाच्या दोन-तीन शब्दांनी एवढे अरण्य उभे केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. समीक्षेला हल्ली कोणी विचारत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी!

नव्वदच्या दशकाच्या आरंभी चक्र उलटे फिरले. मूळ ओकमाँट झाडांखाली गाडले गेले आहे, असे क्लबच्या मैदान समितीतील काहींचे मत झाले. त्यांनी झाडे तोडायला सुरुवात केली, ती चोरून. पहाटे साडेचारच्या सुमारास दिव्यांच्या उजेडात कामगारांनी झाड पाडायचे, लाकूड वाहून न्यायचे, बुंधा भुईसपाट करायचा, वर हिरवळीचे तयार तुकडे बसवायचे आणि सभासद यायच्या आत भुसासुद्धा झाडून टाकायचा, असा परिपाठ होता. बरीच झाडे गेल्यानंतरच सभासदांच्या ध्यानात आले. मग क्लबात दोन तट पडले आणि काही काळ कडवट भांडण चालले, पण अखेर तोडणारांची सरशी झाली. २००७च्या अमेरिकन ओपनपर्यंत सुमारे पाच हजार झाडे गेली होती. त्यानंतर आणखी हजारो गेली. आज क्लबघराच्या व्हरांड्यातून जवळजवळ सगळे मैदान एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि ही हकिकत क्लबच्या पराक्रमाची गोष्ट म्हणून मिटक्या मारीत सांगितली जाते.

आमचा आक्षेप आहे तो या मिटक्यांना. झाडे तोडण्याला नाही. गोल्फचे मैदान म्हणजे काही सह्याद्रीतली देवराई नव्हे, आणि लावलेली झाडे लावणाऱ्याने काढली तर पर्यावरणाचा टाहो फोडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. आक्षेप आहे तो पुसून टाकण्याच्या रीतीला, आणि त्या पुसण्याला ‘इतिहासाकडे परतणे’ असे नाव देण्याला. भुसा झाडून वर हिरवळीचा तुकडा बसवणारा माणूस येथे झाड होते याची खूणही राहू नये, अशी व्यवस्था करीत असतो. इतिहासावर प्रेम असलेल्याची ही रीत नव्हे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम झाले ते या संदर्भात आठवते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सगळा प्रकल्प तडीला जायला १९६६ साल उजाडले. हस्तलिखितांच्या कसोटीवर न टिकलेला मजकूर मुख्य संहितेतून काढला गेला, आणि त्यात लोकांच्या जिव्हाळ्याचा भाग थोडाथोडका नव्हता. व्यासांचा लेखक झालेला गणपतीसुद्धा संहितेबाहेर गेला. पण गेला कुठे? परिशिष्टात. काढलेली प्रत्येक ओळ तळटीपेत किंवा परिशिष्टात आहे, आणि कोणत्या हस्तलिखितांत ती आहे व कोणत्यांत नाही याची नोंद तिच्याबरोबर आहे. संपादकांचा निर्णय मान्य नसलेला वाचक त्याच ग्रंथाच्या आधारे त्यांच्याशी भांडू शकतो. आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते : आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ भारत, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या बळावर मागे जाता येईल तितके मागे आपण गेलो, एवढेच ते म्हणाले. ओकमाँटपाशी छायाचित्रे आहेत, नकाशे आहेत, शंभर वर्षांचे दप्तर आहे. सुकथनकरांच्या मानाने ही चैनच म्हणायची. दावा मात्र थेट मुळाचा आहे आणि परिशिष्टाचा पत्ता नाही.

बरे, मूळ म्हणजे कोणते? हेन्री फोन्सने मैदान आखले, पण त्याचा मुलगा विल्यम (१९१०चा अमेरिकन हौशी विजेता) पुढे अनेक वर्षे त्यात भर घालीत राहिला. एखादा खेळाडू सोपी वाट काढतो असे दिसले की त्या वाटेवर नवा बंकर खणला जाई. अशा भरीने बंकरांची संख्या काही शतकांच्या घरात गेली. मैदानाची आज जी ओळखीची खूण आहे, तिसऱ्या आणि चौथ्या फेअरवेच्या मधला, गवताच्या लांब वरंब्यांचा ‘चर्च प्यूज’ नावाचा बंकर, तीही पहिल्या आवृत्तीतली नव्हे. ती नंतरच्या दशकांत घडत गेली आणि तिच्यातील वरंबेही वेळोवेळी वाढत आले. बापाच्या ग्रंथात मुलाने घातलेले क्षेपक आज ग्रंथाचे शीर्षक होऊन बसले आहे. ते काढा, असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग मुलाची भर ‘मूळ’ आणि तीस वर्षांनंतरच्या पिढीची भर ‘भ्रष्ट’, ही सीमारेषा कोणत्या तत्त्वावर ओढली? १९३५ साली हेन्री वारला म्हणून? एवढ्याने तत्त्व होत नाही.

गवताची गोष्ट तर याहून मौजेची. ओकमाँटच्या ग्रीन्सवरचे गवत ज्या जातीचे आहे, त्या जातीला इतर ठिकाणी तण समजतात आणि तिच्या नायनाटावर पैसे खर्च करतात. ते आगंतुक गवत येथे शिरले, वर्षानुवर्षांच्या कापणीने आणि दाबणीने निवडले जात घट्ट झाले, आणि आता त्या ग्रीन्सचा लौकिक त्याच्यावर उभा आहे. शंभर नंबरी प्रक्षेप! पण वेगाला तो सोयीचा आहे, म्हणून मुळाच्या नावाखाली त्याला कोणी हात लावत नाही.

याउलट जे निःसंशय फोन्सांचे होते त्याचे काय झाले पाहा. तेथील जमीन चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे बंकर फार खोल करता येत नसत. ती उणीव भरून काढण्यासाठी फोन्स पितापुत्रांच्या काळात जाड दात्यांच्या, वजनदार दंताळ्याने वाळूत नांगरटीसारख्या सऱ्या पाडल्या जात. चेंडू सरीत बसला की त्याला बाहेर काढण्यापलीकडे खेळाडूच्या हाती काही उरत नसे. वाळूवरची ही फोन्सांची सही म्हणायला हरकत नाही. खेळाडूंनी तक्रारी केल्या, १९५३च्या स्पर्धेच्या वेळी तडजोड झाली आणि साठच्या दशकात ती दंताळी गेली. जीर्णोद्धाराच्या कोणत्याही फेरीत ती परत आलेली नाहीत. येणारही नाहीत, कारण आजचे व्यावसायिक खेळाडू ती सहन करणार नाहीत. म्हणजे मूळ रचनाकाराचा हेतू आजच्या गिऱ्हाइकाला रुचेल तेवढाच मूळ.

२०२३ साली गिल हॅन्स या आज सर्वांत मागणी असलेल्या जीर्णोद्धारकाने येथे काम केले. जुनी छायाचित्रे पाहून ग्रीन्स त्यांच्या जुन्या कडांपर्यंत वाढवली गेली आणि बंकरांना जुने आकार दिले गेले. कारागिरी उत्तम असेल, आम्हांला तीविषयी शंका नाही. पण त्याच मैदानाची लांबी २०२५च्या स्पर्धेत ७३७२ यार्ड होती, आणि आठवे होल कागदोपत्री २८९ यार्डांचे असून तीन फटक्यांत पुरे करायचे होते. हे आकडे फोन्सच्या काळचे नव्हेत. ते आजच्या चेंडूच्या, आजच्या धातूच्या काठ्यांच्या आणि आजच्या प्रक्षेपणाच्या काळाचे आहेत. त्याआधी, २०२१ साली, अमेरिकन गोल्फ संघटनेने २०३४, २०४२ आणि २०४९ या सालांच्या ओपन स्पर्धा ओकमाँटला जाहीर केल्या होत्या. मैदान सजले ते पूर्वजांसाठी की येणाऱ्या पाहुण्यांसाठी, हे वाचकांनी ठरवावे. पाहुण्यांसाठी सजण्यात गैर काही नाही. लग्नघराला रंग देतातच. त्या रंगाला पुरातत्त्व म्हणू नये, एवढेच.

येथे एक सरकारी तपशील नोंदवण्याजोगा आहे. ओकमाँटला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ हा दर्जा मिळाला तो १९८७ साली. तेव्हा ती झाडे उभी होती. राष्ट्राने इतिहास म्हणून ज्या वास्तूवर शिक्का मारला ती त्या दिवशी झाडांसकट होती, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिक्का तसाच राहून झाडे गेली. जीर्णोद्धार या आपल्या शब्दात ‘जीर्ण’ आहे. येथे जीर्ण काय होते? झाडे चांगली बहरात होती. जीर्ण झाली होती ती एका पिढीची अभिरुची. तिच्या जागी दुसरी पिढी आली आणि तिने आपल्या अभिरुचीला आजोबांचे नाव दिले. आपल्याकडे गावोगावी हेमाडपंती देवळांच्या दगडांना तैलरंग फासून गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवतात, त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात. सुशिक्षित माणूस त्याला हसतो. ओकमाँटच्या मंडळींची अभिरुची त्याहून सूक्ष्म आहे हे खरे, पण आपल्या पिढीची आवड म्हणजेच त्या जागेचे खरे रूप, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

आमच्या विरोधात दोन गोष्टी सांगितल्या जातील. पहिली कृषिशास्त्राची : दाट सावलीत गवत नीट वाढत नाही, सकाळचे ऊन आणि खेळता वारा नसला की रोग येतात, झाडांची मुळे पाणी ओढतात. हे सर्व खरे आहे आणि झाडे काढायला तेवढे कारण पुरेसे होते. मग तेवढेच सांगायचे! माळ्याच्या साध्या, प्रामाणिक कारणाला इतिहासाची शाल कशाला पांघरायची? दुसरी गोष्ट मालकीची : क्लब खासगी आहे, जमीन त्यांची, झाडे त्यांची, तुम्ही विचारणारे कोण? मालकी मान्य. पण मालकी जमिनीची असते, ‘इतिहास’ या शब्दाची नसते. राष्ट्राचा शिक्का, राष्ट्रीय स्पर्धा आणि जगभरचा प्रेक्षक हवा असेल तेव्हा आपण सार्वजनिक वारसा, आणि काय तोडले असे विचारले की आपण खासगी मालमत्ता, असा सोयीचा उंबरठा एरवीही या क्लबांच्या दाराशी असतो. ऑगस्टा नॅशनल क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला १९९० साली, आणि स्त्रिया सभासद झाल्या २०१२ साली. ही दारे उघडली ते बरेच झाले. १९३०च्या सभासदत्वाच्या नियमांचा जीर्णोद्धार करू या, असे कोणी सभ्य माणूस म्हणणार नाही. म्हणजे भूतकाळातील काय आणायचे आणि काय नाही याची निवड सगळेच करतात, आणि करावीच लागते. निवड करणाऱ्याने मग ‘मी केवळ मुळाचे पालन केले’ असे विनयाने हात जोडून म्हणू नये. तो विनय खरा नसतो.

या बाबतीत पाइनहर्स्टचे उदाहरण आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. ते नॉर्थ कॅरोलायनातले, आणि पैसे देऊन कोणालाही खेळता येईल असे मैदान आहे. डोनाल्ड रॉस याने तेथील दुसऱ्या क्रमांकाचे मैदान १९०७पासून १९४८ साली मृत्यू येईपर्यंत हाताळले. स्वतःच्या संहितेवर चाळीस वर्षे दुरुस्त्या करीत बसलेला हा लेखक! त्याची अंतिम प्रत म्हणजे मृत्यूने हातातून काढून घेतलेली प्रत. २०१०-११ साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने तेथील पस्तीस-चाळीस एकर पोसलेली हिरवळ काढून खालची वाळू आणि रानगवत पुन्हा उघडे केले. जमिनीतील जुन्या पाण्याच्या नळाच्या रेषेवरून त्यांनी फेअरवेंची जुनी जागा शोधली आणि शेकडो फवारे कमी केले. पण तेथील कासवाच्या पाठीसारखी फुगीर ग्रीन्स त्यांनी जवळजवळ तशीच ठेवली. वर्षानुवर्षे वाळूचे थर टाकल्यामुळे ती फुगत गेली, निदान काही अंशी तरी, असे जाणकार म्हणतात. म्हणजे रॉसची म्हणून जगप्रसिद्ध झालेली गोष्ट काही अंशी माळ्यांची आहे. हे उघड बोलले जाते, आणि तरीही ती राखली गेली. काळाने घातलेली भर कृतीचा भाग होऊन गेली आहे, हे मान्य करायला धैर्य लागते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत आपण हे मान्य करीतच आलो आहोत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेली प्रत हीच शतकानुशतके वारकऱ्यांची ज्ञानेश्वरी होती, आणि राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली तरी लोकांनी हातातली पोथी खाली ठेवली नाही. दोन्ही प्रती आज अभ्यासकाला पाहता येतात. कोणी कोणाच्या जागी हिरवळीचा तुकडा बसवला नाही.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. ज्या क्लबाला आपले काम ऐतिहासिक म्हणवून घ्यायचे आहे त्याने कामाबरोबर पाठभेदांची वही छापावी : कोणते साल प्रमाण धरले आणि का, त्या सालानंतरचे काय काढले, ते कोणी व केव्हा घातले होते, कोणत्या बाबतीत छायाचित्राचा आधार होता आणि कोणत्या बाबतीत जीर्णोद्धारकाने अंदाजाने भरणा केला, आणि मूळ असूनही काय परत आणले नाही. तोडलेल्या झाडांच्या जागा नकाशावर ठिपक्यांनी दाखवाव्यात. हजारो ठिपके होतील, होऊ द्यावेत. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने, विंडच्या टोमण्याला उत्तर म्हणून का होईना, एकेक रोप लावले होते. त्या माणसांचीही ती संहिता होती. आणि ‘मूळ’ या शब्दाचा आग्रह सुटतच नसेल, तर ओकमाँटच्या मंडळींनी २०३४च्या ओपनमध्ये पहिल्या दिवशी पहाटे, दिव्यांच्या उजेडात, ती जुनी दंताळी बंकरांतून एकदा फिरवून दाखवावीत.